ताजं तेल

अर्डनने भिंतीवरचं बटण चौथ्यांदा दाबलं. मोटर घरघरली, गॅरेजचं दार बोटभर उचललं गेलं, थरथरलं आणि पुन्हा खाली बसलं. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. पाच मैलांवरच्या शुश्रूषागृहात त्याच्या बायकोला, मर्नाला, साडेअकराला जेवायला बसवत. ती घास घ्यायची तो फक्त नवऱ्याच्या हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिच्यासाठी केलेल्या भाताच्या खिरीची बरणी अर्डनने केव्हाच गाडीत नेऊन ठेवली होती.

"अर्डन, आत रणगाडा चालवतोयस का?" दारापलीकडून आवाज आला. शेजारची लव्हॉन फावडं घेऊन तिच्या वाटेवरचा बर्फ काढत होती.

"दार उघडत नाहीये. खालून बर्फाने धरलंय का बघ."

तिने दाराच्या कडेने फावडं फिरवलं, वर दोन लाथाही घातल्या. "नखभर बर्फ नाही इथे. माझी नवी पत्रपेटी दिसली म्हणून लाजतंय का बिचारं?"

आधीची पत्रपेटी अर्डनने ऑक्टोबरात गाडी मागे घेताना आडवी केली होती. नवी आणून, खड्डा खणून त्यानेच बसवून दिली, पण लव्हॉन ते मरेपर्यंत विसरू देणार नव्हती.

"चल, मी सोडते तुला."

"आज सोडशील. उद्या? परवा?"

लव्हॉनचं फावडं पुन्हा खरखरू लागलं.

अर्डनने मोटरची लाल दोरी ओढून दार सुटं केलं आणि हाताने उचलून पाहिलं. ढिम्म. शेवटी त्याने मुलाला फोन लावला.

"स्प्रिंग तुटली असणार, बाबा," त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत केंट म्हणाला. "अजिबात हात लावू नका. सटकली तर हाड मोडेल. शनिवारी मी माणूस घेऊन येतो."

"आज सोमवार आहे, केंट."

"मग? एवढं काय अडलंय?"

"तुझ्या आईचं जेवण अडलंय."

"तिथे पगारी माणसं आहेत ना भरवायला! भूक लागली की जेवेल ती."

फोन ठेवून अर्डनने वर पाहिलं. एकतीस वर्षं त्याने लेथवर लोखंड कापलं होतं. तुटलेल्या स्प्रिंगमध्ये दोन बोटांची फट पडते, ही तर अखंड होती. आणि दार हलतं की नाही, आवाज कुठून येतो, एका शब्दाने न विचारता केंटला स्प्रिंगचं कळलं कसं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

गुडघे कुरकुरले तरी तो खाली बसला आणि बॅटरीच्या उजेडात दाराची एकेक बाजू तपासू लागला. डावीकडे सगळं ठीक होतं. उजवीकडे, दाराच्या आतल्या अंगाला असलेला जुना सरकता बोल्ट थेट रुळाच्या भोकात जाऊन बसला होता.

मोटर बसवल्यापासून वीस वर्षांत त्या बोल्टला कुणी हात लावला नव्हता. त्याआधी दर जुलैमध्ये तळ्यावरच्या झोपडीत राहायला निघताना तो लावायचं काम केंटचं असे. बोल्ट लावून तो घरातून धावत गाडीपाशी यायचा आणि ओरडायचा, "लागला, बाबा!" तो बोल्ट माहीत असलेली माणसं जगात दोनच होती. त्यातला एकजण काल रविवारी जेवायला आला होता आणि बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर टाकायला मीठ आणतो, असं सांगून गॅरेजात गेला होता. मीठ आणायला त्याला फार वेळ लागला होता.

वीस वर्षांचा गंज. हातोडीशिवाय हलायला नको होता. अर्डनने बोटाने ढकलताच बोल्ट मुकाट मागे सरकला. बोटाला तेल लागलं. ताजं, पिवळं तेल. फळीवर त्याची तेलाची कुपी आडवी पडलेली होती, रिकामी.

'गंजल्या लोखंडावर जोर करायचा नाही. आधी तेल सोडायचं, मग थांबायचं.' हे त्यानेच पोराला शिकवलं होतं. गुरूची विद्या गुरूला.

'बाबा, आता गाडी चालवू नका,' असं केंटने तोंडावर सांगितलं असतं तर अर्डन भांडला असता, आठवडाभर बोलला नसता. पण त्याने ऐकून घेतलं असतं. हे असं चोरासारखं? त्याला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. हा भित्रेपणा त्याच्याच घरात वाढला होता.

त्याने दार हाताने उचललं. ते हलकेच वर गेलं.

"काय अडकलं होतं?" लव्हॉनने विचारलं.

"काही नाही. गंज."

तो गाडीत बसून इंजिन सुरू करतो तोच फोन वाजला.

"बाबा, स्प्रिंगला हात नाही ना लावलात?"

"नाही."

"मग ठीक आहे. शनिवारी येतोच मी."

"ये. येताना तेलाची एक कुपी घेऊन ये. माझी तू काल संपवलीस."

पलीकडून "बाबा..." असं काहीतरी सुरू झालं. अर्डनने फोन तसाच बाजूच्या सीटवर टाकला, बरणी कलंडू नये म्हणून मांड्यांमध्ये घट्ट धरली आणि पत्रपेटीकडे नीट बघत गाडी मागे घेतली.