सात नंबरची कबर

दफनाची कामं शिकणारी गेसा महिन्यातले तीन आठवडे मालकाच्या दफनपेढीतर्फे खरी मेलेली माणसं पुरायची आणि चौथ्या आठवड्यात दफनकाम शिकवणाऱ्या शाळेच्या दफनभूमीत कुणालाच नाही. तिथल्या बाराही कबरी सरावाच्या, रिकाम्या; पाट्यांवरची नावंसुद्धा विद्यार्थ्यांनीच रचलेली. तरी सात नंबरपाशी एक म्हातारी रोज मेणबत्ती लावून तासभर गप्पा मारत बसायची.

"उद्या परीक्षेत तुला सातच खणायचीय," ब्रुंक सर म्हणाले. "त्या आजींना एकदा सांगून ये बाई, आत कुणी नाही म्हणून. मेलेला खोटा, रडणारी खरी, आणि पंचाईत आपली!"

गेसानं जाऊन सांगितलं.

"ठाऊक आहे गं पोरी," आजी म्हणाल्या. "माझा मुलगा टोर्बेन उत्तर समुद्रात बुडाला, सापडलाच नाही. गावातल्या कबरींत ज्याची त्याची माणसं आहेत. इथे तेवढी त्याच्यापुरती जागा आहे."

दुसऱ्या दिवशी गेसानं सरांना सगळं सांगितलं, पण फावडं काही उचललं नाही. सरांनी नियमाप्रमाणे शून्य गुण दिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं,



"कबर रिकामी नव्हती."