दर्यानं घेतलेली ओटी

"नुसती बोंबलते, पळत न्हाय!" विनेश पाण्यातूनच ओरडला.

ते काशीदच्या सगळ्या किनाऱ्याला दिसतच होतं. जेट बोटीचं इंजिन कानठळ्या बसवत होतं आणि बोट गाभण म्हशीसारखी सरकत होती. एक पोहणारा पर्यटक तिला मागे टाकून गेला, वर हात हलवून.

कल्पिता वाळूत बसून चिऊला बाटलीनं नाचणीचं सत्त्व पाजत होती. जीव सगळा नवऱ्याकडे. मुंबईहून जुनी म्हणून घेतलेली ही बोट आज धावली नाही, तर संध्याकाळी अलिबागचा माणूस ती पडत्या भावात विकत नेणार होता. आणि विनेश कतारला, टगबोटीवर नोकरीला. कागद तयार होते. मग चिऊ आपला पहिला 'बाबा' फोनकडे बघून म्हणाली असती.

बोट काठाला लागली तसं मुरुडच्या मुझम्मिल मिस्त्रीनं पुन्हा इंजिनात डोकं घातलं. प्लग बदलून झाले होते, पेट्रोलची गाळणी साफ झाली होती, कार्ब्युरेटर उघडून लावला होता.

"भाभी, खुदा कसम, इंजिन घोड्यासारखं हाय. मग जोर जातो कुठं?" बिचाऱ्याची हयात मासेमारीच्या होड्यांत गेलेली. त्यांचा पंखा मागे उघड्यावर फिरतो. हिचा पोटात.

"आये, दर्यानं तुझी ओटी तर झटक्यात घेतली होती," विनेश आईला म्हणाला. "मग आता काय बिनसलं त्याचं?"

"दर्याचं दर्याला ठावं," सोनूबाई म्हणाल्या आणि नातीचं टोपडं उगाच सारखं करत बसल्या.

बोट पहिल्यांदा पाण्यात घातली, तेव्हा त्यांनीच गुडघाभर पाण्यात उभं राहून तिच्यासमोर ओटी सोडली होती. नारळ, तांदूळ, हिरवा खण. विनेशनं इंजिन चालू केलं आणि खण गपकन दिसेनासा झाला. नारळ लाटेबरोबर माघारी आला, खण आला नाही. दर्याला मान पोचला म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या.

चिऊनं एकाएकी भोकाड पसरलं. मग पुन्हा बाटली तोंडात धरली, गाल आत गेले, जीव खाऊन ओढू लागली. सत्त्व मात्र होतं तिथंच. कल्पितानं निप्पल दाबून पाहिलं. छिद्रात नाचणीची गुठळी बसली होती.

बाटली हातात धरून ती बोटीकडे बघत राहिली.

"मुझम्मिलभाई, ही पाणी खालून ओढते ना? तिच्या तोंडातच काही बसलं असलं तर?"

मुझम्मिलनं पाना खाली ठेवला.

ट्रॅक्टरनं बोट वाळूवर ओढली, कलती केली. पोटाला जाळी होती. विनेशचा पंजा गजांमधून जाईना.

"चावी काढून इकडे द्या आधी," कल्पिता म्हणाली. बांगड्या उतरवून तिनं हात आत घातला. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. मुझम्मिलनं पंख्याचा आस हळूहळू उलटा फिरवला, तिनं ओढलं आणि बाहेर आला हिरवा खण, काठासकट.

विनेश हसायला लागला.

"गप्प! आईंना कळता कामा नये. किती वाईट वाटेल त्यांना." तिनं खण पिळून चिऊच्या पिशवीत, लंगोटांच्या खाली दडवला.

या खेपेला बोटीनं नाक वर केलं आणि सुटलीच. किनाऱ्यावर शिट्ट्या पडल्या. विनेश लांबवर जाऊन, वळून, नखशिखांत भिजून आला. अलिबागच्या माणसाला नको म्हणून सांगायला फोन कल्पितानंच लावला.

फोन ठेवते तोच सोनूबाई शेजारी येऊन टेकल्या.

"गवसला माझा खण?"

कल्पिता गोरीमोरी झाली. "तुम्हाला कसं कळलं, आई?"

"अगो, मागणं माझंच होतं ना! त्या दिवशी ओटी सोडताना दर्याला म्हटलं, माझ्या पोराच्या बोटीला जोर देऊ नको. हळूच चालू दे तिला, पोर सुखरूप राहील." त्यांनी चिऊला मांडीवर ओढलं. "कतारचं मला काल कळलं. आज पहाटे जाऊन मागणं फिरवून आले, दिलेला खण माघारी मागून."

"आता काय मागितलंत?"

"पळू दे म्हटलं. पण हितल्या हितं."