पपईवर पडलेला माणूस

रंगाऱ्यानं वाडग्यातलं क्रीम चमच्यावर घेतलं, चमचा तिरका धरला आणि थेंब पडायची वाट पाहिली. थेंब पडेना.

"फार घट्ट झालंय," तो म्हणाला. "ब्रश चिकटून बसेल यात."

"अहो, हे भिंतीला लावायचं नाहीये," बायको पपई सोलता सोलता म्हणाली. "फळाची फोड यात बुडवायची आणि खायची. डिप म्हणतात. क्रीम, मध, वरून लिंबाची साल किसून. झालं. आता हात लावू नका."

हात एकच होता लावायला. उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ती सुरी धुवायला वळली आणि रंगाऱ्यानं डाव्या हातानं वाडग्यात दूध ओतलं. आजवर त्यानं डब्यातला कुठलाही माल पातळ केल्याशिवाय लावला नव्हता. लोकांच्या घरी जो नियम, तोच स्वतःच्या घरी. ढवळून पुन्हा चमचा तिरका धरला. आता धार कशी सुंदर, एकसंध पडत होती. त्याला बरं वाटलं.

महिन्यापूर्वी तो एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आला होता. जिन्यानं नव्हे. परांचीची फळी सरकली होती. खाली फळवालीची हातगाडी होती आणि गाडीवर पिकलेल्या पपयांचा ढीग. "नारळ असते तर माझ्याकडे यायची गरजच पडली नसती," असं डॉक्टर म्हणाले होते. एक हात मोडला आणि झाडून सगळ्या पपया गेल्या.

फळवाली दवाखान्यात बघायला आली, तेव्हा तो तिला म्हणाला होता, "पपया गोड होत्या."

बस्स. एवढंच. जीव वाचवणाऱ्या बाईला माणूस हे सांगतो? ते वाक्य त्याला रोज रात्री आठवायचं आणि तो उशीत तोंड खुपसायचा. प्लास्टर निघालं की पुन्हा परांचीवर चढायचं होतं. पण तिचे धड आभार मानल्याशिवाय पहिल्या फळीवरसुद्धा पाय पडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आज तिला घरी बोलावलं होतं. वाक्यही तयार होतं: मावशी, आज मी आहे तो तुमच्यामुळे. सकाळपासून त्यानं ते फ्रिजला म्हणून दाखवलं होतं. फ्रिजनं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"हे काय केलंत?" बायकोनं वाडग्यात फोड बुडवून वर काढली. क्रीम फोडीवरून घसरलं आणि पुन्हा वाडग्यात जाऊन बसलं. फोड आंघोळ करून, अंग पुसून आल्यासारखी कोरडीच. "क्रीम संपलं हो सगळं! आता काय देऊ त्यांना?"

दारावर थाप पडली.

फळवाली आत आली, खुर्चीवर बसली आणि ताटलीकडे बघून थबकली. "ही तर माझीच पपई. सकाळी तूच नेलीस ना गं? पाहुणे येणारेत म्हणालीस."

"हो."

"कोण पाहुणे?"

"तुम्हीच, मावशी."

फळवालीनं कपाळाला हात लावला. "आधी सांगायचंस! तुझे पाहुणे म्हणून ढिगातली सगळ्यात चांगली वेचून दिली. मला काय, डागाळलेली चालली असती. रोज तीच खाते."

रंगारी उठला. आतल्या खोलीत गेला आणि कागदात गुंडाळलेला कोरा ब्रश घेऊन आला. नव्या कामासाठी ठेवलेला, दोन इंची, मऊ केसांचा. तो त्यानं गरम पाण्यात धुतला, झटकला, वाडग्यात बुडवला, काठावर निथळवला आणि एका फोडीवर डावीकडून उजवीकडे अलगद फिरवला. बायकोनं डोळे मिटून घेतले.

फळवालीनं ती फोड तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिली.

आता, रंगारी मनात म्हणाला. त्यानं तोंड उघडलं. "मावशी," तो म्हणाला. पुढचं वाक्य फ्रिजपाशीच राहिलं होतं.

"तू गप्प बस. आधी मला बोलू दे," फळवाली म्हणाली. "रोज देवाला हात जोडते, तू जगलास म्हणून. अरे, तू माझ्या गाडीवर गेला असतास, तर त्या गाडीवरची पपई कुणी घेतली असती का जन्मभर? आता बघ. लोक लांबून येतात. म्हणतात, माणूस वाचवणारी पपई द्या." तिनं बोटाला लागलेलं क्रीम चाटलं. "आणि मी गाडी हलवलेली नाही. तिथंच असते, तुझ्या फळीच्या खाली. पिकलेल्या पपया वरच्या थरात ठेवते. कच्च्या तळाला."

बायकोनं उगाचच ताटली थोडी पुढे सरकवली.

रंगाऱ्यानं ब्रश पुन्हा वाडग्यात बुडवला आणि सकाळपासून घोकलेल्या वाक्याच्या जागी त्याच्या तोंडून जे निघालं, ते असं:

"मावशी, दुसरा हात मारू?"

फळवालीनं नवी फोड उचलली आणि त्याच्यापुढे धरली. "मार. कडेला कंजुषी करू नकोस."

त्यानं डाव्या हातानं ब्रश फोडीच्या अगदी कडेपर्यंत नेला. तिनं फोड घट्ट धरून ठेवली.