धोरणात न बसलेला डास

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलची हिमानी डेंग्यूच्या डासांवर संशोधन करते. इथली ग्रँट कॅन्सल झाल्यावर तिने तोच प्रस्ताव युरोपातल्या एका छोट्या देशाकडे पाठवला. तिथला अधिकारी व्हिडिओ कॉलवर गोड हसत म्हणाला, "युरोपच्या फंडिंगचे नियम बदलले, म्हणून आम्हीही आमचं संशोधनाचं धोरण बदललं. आता पैसा आधी संरक्षणाला. आणि तुमचे ते गरम देशातले डास आमच्याकडे नाहीतच."

लॅपटॉपच्या मागे उभा असलेला तिचा नवरा निमिष पुटपुटला, "डासाच्या जागी ड्रोन लिही ना यार. लॅब बंद पडण्यापेक्षा बरं. सगळे तेच करतायत."

हिमानीने कॉल म्यूट केला. "डासांनी त्यांचं धोरण बदललं, की मी माझं बदलते."

पडद्यावर अधिकाऱ्याचं बोलणं चालूच होतं. मध्येच त्याने स्वतःच्या मानेवर फाटकन चापट मारली, तळहात निरखला आणि हळूच रुमालाला पुसला.



त्याच संध्याकाळी हिमानीने एकही शब्द न बदलता प्रस्ताव परत पाठवला आणि सोबत कॉलच्या रेकॉर्डिंगमधली तेवढी चापट जोडली.