लंबकाची नाडी

घड्याळजींनी मनगटावरचा पट्टा सोडला, भिंतीवरच्या घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि पट्टा लंबकाला नीट गुंडाळला. लंबक जरा अडखळला, मग चालू लागला. घड्याळजी पलंगावर येऊन बसले आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

"निघाली स्वारी फिरायला," बायको म्हणाली. ती खिडकीपाशी बसून गुडघ्याला मलम चोळत होती.

"चालतोय ना? मग झालं."

"तो चालतोय. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय. असेच बसून राहिलात तर एक दिवस हृदयही बसेल म्हणाले, विसरलात?"

"डॉक्टरांचं स्वतःचं पोट बघितलंस? त्यांच्याआधी टेबलापाशी पोचतं."

पट्टा मुलीने पाठवला होता. बाबा किती चालले, कुठे गेले, नाडी कशी आहे, सगळं तिला दूरच्या शहरात मोबाइलवर दिसायचं. लंबकाइतकी इमानदार पावलं माणूस टाकूच शकत नाही, हा शोध घड्याळजींचा. त्यावर ते बेहद्द खूश होते. दुकानात मात्र ते गिऱ्हाइकांना दम द्यायचे: रोज ठरल्या वेळी चावी द्या, अधूनमधून उघडून साफ करा, घड्याळ नातवंडांना पुरेल.

फोन वाजला. घड्याळजींनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, कमाल आहे तुमची! आज परत तळ्यापर्यंत?"

घड्याळजींनी बायकोला डोळा मारला. "हो गं. दमलो बाई," ते भरल्या तोंडाने म्हणाले.

"दमलात कुठे? नाडी बघा की, एकदम तरण्या पोरासारखी! पण मला एक सांगा, त्या शेवटच्या बाकावर रोज एवढा वेळ काय बघत बसता?"

"असंच."

मलम चोळणारा हात थांबला. बायको उठून आली आणि तिने फोनवर तळवा दाबून धरला. "अहो, लंबकाला नाडी कुठून आली? आणि तो तळ्यावर कसा जाईल?"

"मशीन आहे ते. दाखवतं काहीबाही."

"मग उघडून बघा ना. लोकांची घड्याळं बघता की डोळ्याला भिंग लावून."

"ती बिघडलेली असतात. चालू वस्तू कशाला उघडायची?" घड्याळजींनी आणखी एक बिस्कीट घेतलं.

बायकोने हात काढला.

"...ऐकू येतंय का बाबा? निघालात वाटतं तिथून. पूल ओलांडलात. अरे वा, आज काय पळताय की काय? आपल्या गल्लीत वळलातसुद्धा!"

घड्याळजी हसायला गेले. बिस्कीट घशात अडकलं.

"जिन्यात पोचलात बघा. ठेवते मग. आईला सांगा, संध्याकाळी बोलते."

फोन बंद झाला. जिन्यात पावलं वाजत होती. एकसारखी. घाई नाही, धाप नाही. लंबक डावीकडे गेला की एक, उजवीकडे गेला की एक.

बेल वाजली.

"कोण असेल हो?"

"असेल कुणीतरी. उघडू नकोस."

"बघायला नको?" म्हणत ती बाहेरच्या खोलीत गेली.

घड्याळजींनी उठायचा प्रयत्न केला. पाय पलंगावरून खाली लोंबत होते, पण काही केल्या जमिनीला टेकेनात.

दार उघडलं. बाहेरून आवाज आला. आवाज घड्याळजींचाच होता, फक्त तेलपाणी केल्यासारखा.

"गुडघा कसा आहे आज?"

हा प्रश्न या घरात आजवर कुणी विचारला नव्हता.

"बरा आहे," बायको हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "आज लवकर आलात?"

"तुला न्यायला आलो. तळ्यावर एक पक्षी येतो. शेपटी पाण्यात बुडवतो, झटकतो, परत बुडवतो. मासे धरत नाही, पाणी पीत नाही. मग कशाला करत असेल? रोज बसून विचार करतो, काही सुचत नाही. तू बघ बरं एकदा."

"इश्श, मला काय कळतंय पक्ष्यातलं!" ती म्हणाली, आणि चक्क हसली.

मग तिने खोलीत एकदा डोकावून पाहिलं. बाहेर पडताना गॅस बंद आहे ना, ते बघतात तसं. आणि चपला पायात सरकवल्या.

घड्याळजींनी हाक मारायला तोंड उघडलं.

"टक्," ते म्हणाले.

त्यांनी सगळा जीव गोळा केला.

"टक्."

समोरचा लंबक सरळ खाली लटकला होता. त्याच्यावर पट्टा नव्हता. पलंगावरून लोंबणारे घड्याळजींचे पाय मात्र हलत होते. डावीकडे. उजवीकडे.

दोघांची पावलं जिना उतरू लागली. मध्येच एक जोडी थांबली.

"अहो, घड्याळाला चावी द्यायची राहिली की."

खोलीतली टक्-टक् आता सावकाश येत होती.

"आल्यावर बघू," तो आवाज म्हणाला. "चल, पक्षी उडून जाईल."