सातवा प्रश्न

"दोनशे बारा बायका, आणि एकीचंही उत्तर 'हो' नाही?" भव्याने लॅपटॉप भवानीबाईंकडे वळवला. "मंडी मोहल्ल्यातले सगळे नवरे धुतल्या तांदळासारखे आहेत म्हणायचे."

"असतील की," भवानीबाई म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसू लागल्या.

भवानीबाई तिथल्या आशा कार्यकर्त्या. पंधरा वर्षं त्याच गल्ल्या तुडवलेल्या. भव्या विद्यापीठात गणित करणारी. शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू या भागात किती फैलावेल, लस दिली तर किती मुली पुढे कॅन्सरपासून वाचतील, याचं गणित ती मांडत होती. त्यासाठी लागणारे आकडे भवानीबाईंनी घरोघरी फिरून आणलेल्या फॉर्मांवर होते. फॉर्मावर नाव नाही, गाव नाही, नुसते प्रश्न. त्यातला सातवा म्हणजे नुसता निखारा: तुमचे किंवा तुमच्या नवऱ्याचे लग्नाबाहेर संबंध आले आहेत का?

"गणित म्हणतंय, विषाणू इथे आपोआप मरेल. लस नकोच."

"बरंच झालं मग."

"बरं कसलं? गेल्या वर्षी याच गल्ल्यांत पाच बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. लस वाटणारी समिती माझा कागद बघणार आणि इथले सहाशे डोस दुसरीकडे पाठवून मोकळी होणार. आपल्या पोरींच्या हाती काही नाही."

भवानीबाईंनी पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, "विचारलंच नाही मी. सुम्ने, आपलं उगीचच 'नाही' लिहीत गेले. अय्यो, कसं विचारू गं? घरात घेतात, कुंकू लावतात, कॉफी पुढे करतात. त्या बाईला म्हणू, तुझा नवरा बाहेर जातो का?"

भव्याला राग आला होता, पण तो तोंडाशीच विरला. प्रश्न पंख्याखाली बसून तिने लिहिला होता. दारात उभं राहायचं होतं भवानीबाईंना.

"जाऊ द्या. दुसऱ्या शहराचा आकडा घालते."

"तो आपला आहे का?"

"नाही. समितीही तेच विचारेल."

"मग नको." भवानीबाईंनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि पिशवीत कोंबला. "समितीला अजून दहा दिवस आहेत ना? सरि, ठीक आहे. पहिल्या घरापासून जाते."

गेल्या की. दुपारचं ऊन बघितलं नाही, सुजलेले पाय बघितले नाहीत. भव्याने फोन केला तर "मागून बोलू" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. नव्या नोकरीवरची माणसंही एवढी पेटून काम करत नाहीत.

दहाव्या दिवशी गठ्ठा परत आला. त्रेपन्न 'हो'. भव्याने आकडे भरले. पडद्यावरची आजाराची रेघ चढत गेली. लस दिल्यावर तीच रेघ खाली आली. आता डोस हलवायची समितीची काय बिशाद! भव्याचा ऊर भरून आला.

"भवानीबाई, खरं सांगा. असलं तुम्ही विचारलंत तरी कसं?"

"विचारलं कुठे?" भवानीबाई खुर्चीत टेकल्या. "दोनशे बारा दारांत आधी आमच्या ह्यांचं लफडं सांगितलं."