लहानच राहणारा मासा

"लहानच राहणारा द्या हं, दादा," ज्योतीताई म्हणाल्या. "टाकी दोनच फुटांची आहे. गप्पी आहेत, मोली आहेत, त्यांना त्रास नको. काचेवरचं शेवाळ खाल्लं म्हणजे झालं."

गोरक्षने छोटी जाळी हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिला. एरवी त्याची जीभ कातरीसारखी चाले. कोणता मासा कोणाशी जमवून घेतो, कोण कोणाची शेपटी कुरतडतो, हे तो सोयरीक जुळवणाऱ्याच्या उत्साहाने सांगे. सावेडीतली निम्मी गिऱ्हाइकं त्या बोलण्यासाठीच त्याच्या दुकानात येत. आज मात्र त्याचं लक्ष दाराजवळच्या स्टुलाकडे होतं.

स्टुलावर बन्सीमामा बसला होता. गावच्या तळ्यावर मासे धरण्यात त्याची चाळीस वर्षं गेलेली. सकाळच्या एसटीने तो आला होता. मांडीवर फाटलेलं जाळं आणि पायाशी एक ओलं पोतं. ज्योतीताई यायच्या थोडं आधीच त्याने पोत्याचं तोंड उघडून भाच्याला आतला मासा दाखवला होता. हातभर लांब, काळा, पाठीवर खवल्यांऐवजी टणक कवच.

"पहाटधरनं पोत्यात हाय, तरी जित्ता हाय," मामा म्हणाला होता. "इळ्यानं कापत न्हाई, कुनी इकत घेत न्हाई. काट्यात जाळं आडाकतं, मग जाळंच कापावं लागतं. रोहू न्हाई, मरळ न्हाई, जाळं वडलं की हेच. गोरख, तू शहरात माशाचंच दुकान टाकलंस. कंच्या जातीचा म्हनायचा ह्यो? आन् आमच्यात आला कुठनं?"

चोराच्या मनात चांदणं. गोरक्षला वाटलं, मामा माहीत असूनच विचारतोय. पण मामाच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं. शिकलेल्या भाच्याला अडचण विचारायला आलेला तो साधा माणूस होता.

"बघून सांगतो, मामा," गोरक्ष म्हणाला होता. बघायचं काही बाकी नव्हतं. असले मासे त्याने बोटाएवढे असताना डझनांनी विकले होते.

"हा ठिपक्यांचा छान दिसतोय," ज्योतीताईंनी काचेवर बोट ठेवलं.

"तो नको, ताई." गोरक्ष घाईघाईने म्हणाला आणि मग त्याने आवाज खाली आणला. "तो प्लेको, हातभर वाढतो. हा शेजारचा घ्या, ब्रिसलनोज. मोठा झाला की नाकावर मिशा येतात, पण चार-पाच इंचांच्या वर जात नाही. टाकीत लाकडाचा एक तुकडा ठेवा, अधूनमधून काकडीची चकती टाका. गरीब मासा आहे."

"हे मागच्या वेळी नाही सांगितलंत," ज्योतीताई हसल्या. "तेव्हा ठिपक्यांचाच दिला होतात. टाकीत वळता येईना, एवढा वाढला तो."

गोरक्षने मान खाली घालून मासा पकडला, पिशवीत पाणी भरलं, रबर लावलं. आता ताईंनी पिशवी घ्यावी आणि जावं, एवढंच त्याला हवं होतं. पण चांगल्या माणसांना चांगलं बोलल्याशिवाय राहवत नाही. ताई स्टुलाकडे वळल्या.

"बाबा, हे दुकानदार फार दयाळू आहेत हो. वाढलेला मासा परत घेतात. दुसऱ्या कोणी मारून टाकला असता. हे गावाला जाताना कॅनमधून नेतात आणि तिथल्या तळ्यात सोडतात. म्हणाले, काचेतून सुटला, आता मोठ्या पाण्यात सुखाने राहील. आमच्या घरात सगळ्यांना किती बरं वाटलं."

मामाने आधी ताईंकडे पाहिलं, मग भाच्याकडे. मग वाकून त्याने पोत्याचं तोंड नीट बंद केलं.

"चांगलं केलं," तो ताईंना म्हणाला.

ताई पिशवी सांभाळत पायऱ्या उतरल्या. दुकानात पंपाची बुडबुड तेवढी राहिली.

सहा वर्षं. दिवाळीला एक कॅन, जत्रेला एक कॅन. पाण्यात पडल्यावर मासा शेपटीचा एक फटकारा मारून नाहीसा व्हायचा, तेव्हा गोरक्षला पुण्य केल्यासारखं वाटायचं. आई काठावरून हात जोडायची. त्याच काठावर मामाने लहानपणी त्याला जाळं फेकायला शिकवलं होतं, आणि फाटलं तर सांधायलाही. हे सगळं आठवून गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, मला वाटलं, जीव आहे, मारायचा कसा," तो म्हणाला. "आणि तळं केवढं मोठं."

"व्हय. मोठं हुतं."

मामा शिव्या घालेल, जाळं अंगावर फेकेल, असं गोरक्षला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मामाने नुसतं पोतं पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"ह्यो राहू दे तुझ्याकडं."

गोरक्षने पोतं उचललं. आत काहीतरी जड, खरखरीत हललं. त्याने ते तसंच पोटाशी धरलं आणि दुसरा हात पुढे केला.

"जाळं ठेवून जा, मामा. मी सांधतो. रविवारी घेऊन येतो."

मामाने जाळ्याची घडी घातली आणि ती काउंटरवर ठेवली. फाटक्या जागेवरून त्याने एकदा बोटं फिरवली.

"सांधशील रं," तो म्हणाला. "तुझी गाठ चांगली बसती. पन ते टाकू कुठं?"